अंबर अस्सल, म्हणून कोरीवकाम जुनं?

"अंबर अस्सल आहे, लॅबचा कागद आहे, चार कोटी वर्षं जुनं आहे!" हे ऐकून ऐकून कान किटले. कुणी अंबराची कोरीव मूर्ती पोलंडमधल्या ग्दान्स्कहून आणलेली असते, कुणी बीजिंगच्या पानजियायुआन बाजारातून, कुणी घरबसल्या ऑनलाइन लिलावात बोली लावून. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: मग ही मूर्ती अँटिक झाली ना? नाही झाली. अंबर म्हणजे प्राचीन झाडांचा टणक होऊन गेलेला चीक, आणि बाल्टिक समुद्राकाठचं अंबर म्हटलं की वय ढोबळमानाने तेवढंच येणार. मागच्या महिन्यात यंत्रावर कोरलेल्या हत्तीचंही चार कोटी आणि सतराव्या शतकात प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहराच्या कारागिराने घडवलेल्या पेटीचंही चार कोटी. कागद सांगतो की द्रव्य काय आहे. त्याला माणसाचा हात कधी लागला, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

कागद खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या वासर कॉलेजच्या कर्ट बेक यांनी दाखवून दिलं की इन्फ्रारेड आलेखात बाल्टिक अंबरची एक खास खूण उमटते. ग्रीसमधल्या मायसिनी या प्राचीन नगरीच्या थडग्यांतले मणी बाल्टिकचेच, हे त्यातूनच सिद्ध झालं. पण तिथेही मण्यांचा काळ ठरला तो थडग्यावरून, अंबरावरून नव्हे. वय काढायच्या कार्बन-14 पद्धतीचं नाव तर काढूच नका. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे ती पद्धत थकते, आणि चालली असती तरी तिने झाडाच्या चिकाचं वय सांगितलं असतं, कोरणाऱ्याचं नाही.

सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यातला, भिंती अंबराने मढवलेला अंबर कक्ष आठवा. प्रशियाच्या राजाने 1716मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेटला भेट दिलेला मूळ कक्ष दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उचलून नेला आणि 1945नंतर तो कुणी पाहिला नाही. आज लोक रांगा लावून बघतात तो 1979पासून पुन्हा घडवत आणलेला आणि 2003मध्ये खुला झालेला कक्ष आहे. अंबर शंभर टक्के खरं, कोरीवकाम आपल्या डोळ्यांदेखतचं. तिथे कुणी लपवाछपवी करत नाही, एवढाच फरक.

द्रव्याची नक्कल ओळखणं त्या मानाने सोपं आणि तुम्हाला बहुतेक ठाऊक असलेलं, म्हणून भराभर. पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला. अंबर तरंगतं, बेकेलाइट आणि सेल्युलॉइड ही जुनी प्लास्टिकं बुडतात. कोपल आणि पॉलिस्टायरीन हे प्लास्टिकही तरंगतात, म्हणून तेवढ्यावर नाचू नका. कोपल म्हणजे कोवळा चीक. तळाला ॲसिटोनचा थेंब ठेवला की चिकट होतो. आत अख्खा विंचू नीट पाय पसरून बसलेला दिसला तर ते बहुधा बनावट, हात जोडून पुढे चला. घासून कागदाचे कपटे उचलायची जादू प्लास्टिकही करतं. आणि तापलेली सुई टोचणाऱ्यांच्या हातून वस्तू काढूनच घ्यावी असं मला वाटतं. राळेचा वास आला तरी वय कळत नाही, आणि खरोखर जुनी मूर्ती असेल तर तिला कायमचं भोक पडतं.

आणखी एक गुंता: नक्कलही जुनी असू शकते. बेकेलाइट 1907चं. त्या काळातले गडद लाल "चेरी अंबर" मणी आज शंभरीला आलेत आणि त्यांचे स्वतंत्र शौकीन आहेत. तेव्हा जुनं-नवं आणि खरं-खोटं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात शोधायचं नाही.

आता खरा पेच: अंबर अस्सल, पण कोरीवकाम जुनं की कालचं?

अंबर हवेत आणि उजेडात हळूहळू बदलतं. पिवळ्याचं मधाळ, मग तांबूस, मग तपकिरी होतं, आणि वर बारीक तड्यांची जाळी धरते. हा बदल वरच्या पातळ थराचा असतो, आत पिवळंच राहतं. सगळी मेख इथे आहे. ही साल कोरीवकामाच्या वर चढलेली आहे, की कोरीवकामाने ती कापली आहे? दहापट भिंग घ्या आणि वस्त्राची एखादी चुणी किंवा बोटांमधली खाच बघा. सगळीकडे गडद रंग आणि खाचेच्या तळाशी लख्ख पिवळं, म्हणजे आधी रंग चढला आणि मग हत्यार चाललं. काही कारागीर मुद्दाम असं दुरंगी काम करतात, दिसतंही छान. पण ते अँटिक म्हणून विकलं तर ती फसवणूक.

हे विकणाऱ्यालाही कळतं, म्हणून तो आधी कोरतो आणि मग भट्टीत तापवतो. आता खाचही गडद, कंगोराही गडद. लोक फसतात ते इथे. घरातल्या देव्हाऱ्यातली पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासलेली पितळेची मूर्ती डोळ्यांसमोर आणा: नाक सपाट, गुडघे गुळगुळीत, कानामागे मात्र काळं साचलेलं. हाताळलेलं अंबर तसंच असमान जुनं होतं. नाक, पोट, गुडघे झिजून थोडे उजळ आणि मऊ चकाकीचे, खाचा गडद, वर्षानुवर्षं उजेडाकडे असलेल्या बाजूला जाळी दाट, तळाला वेगळी. भट्टी मात्र तळ, पाठ, तोंड सगळं एकसारखं भाजते. काही वेळा आत चपट्या गोल चकत्यांसारखे तडेही उमटतात. दुकानदार त्यांना वयाची खूण म्हणतो, पण ते बहुधा उष्णतेचं काम असतं.

त्याहून बोलके असतात टवके. जुन्या मूर्तीला टवके वेगवेगळ्या काळात उडालेले असतात: एक पार तपकिरी आणि कडा गुळगुळीत, दुसरा मधाळ, तिसरा परवाचा, धारदार आणि पिवळाजर्द. अंधारात अतिनील टॉर्च मारा. ताजा टवका निळसर-पांढरा उजळतो, जुनी साल मळकट पिवळी राहते. सगळे टवके एकाच रंगाचे असले तर ते एकाच दिवशी पाडलेले असण्याची शक्यता दाट.

मग हत्याराच्या खुणा. हाताच्या छिन्नीचा चर बारीक सुरू होतो, मध्ये रुंदावतो, पुन्हा निमुळता होतो. कुठेतरी घसरल्याची ओरखडही सापडते. विजेवर फिरणाऱ्या टोकाचा चर एकाच रुंदीचा, तळाशी गोल, आणि आत समांतर लाटा. मण्याचं भोकही बघा. जुनं बरेचदा दोन्ही बाजूंनी पाडलेलं, मध्ये किंचित चुकलेलं आणि दोऱ्याने कडा झिजलेलं असतं. अर्थात हाताने कोरणारे आजही आहेत, त्यामुळे यंत्राची खूण नवेपणा सिद्ध करते, हाताची खूण जुनेपणा नाही.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. कुणी हौशीने जुनी मूर्ती "स्वच्छ" करून पुन्हा पॉलिश केली असेल तर वरचं सगळं गेलं. या पॉलिशवाल्यांवर माझा राग बनावट करणाऱ्यांइतकाच आहे. अशा वेळी शैली, चांदीच्या कोंदणावरचे शिक्के आणि जुने कागद एवढंच हाती उरतं, आणि कोंदणही बदललेलं असू शकतं.

हा सगळा खटाटोप पैशांसाठी, आणि तो आजचा नाही. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की अंबराच्या चिमुकल्या मानवाकृतीची किंमत जिवंत, धडधाकट माणसापेक्षा जास्त येते. अंबर चकचकीत करायला ते दूधपित्या डुकराच्या चरबीत उकळतात, हेही त्यानेच नोंदवलंय. आज जुन्या आणि नव्या कामाच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. तेव्हा लॅबचा कागद दुकानदाराला परत द्या आणि जुनी पावती, जुना फोटो, लिलावाची जुनी यादी मागा. फोटोवरून घेत असाल तर तळाचा, भोकाचा आणि प्रत्येक टवक्याचा जवळून काढलेला फोटो मागवा. मूर्ती उलटी करून दाखवायला जो कां-कूं करतो, त्याला मी किंमतही विचारत नाही.