मालदीवला जाताना पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

आखाजीच्या आसपास लग्नं उरकली की आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात मालदीवची चौकशी सुरू होते. जाहिरातीत खोलीचा दर दिसतो. खिसा मात्र बोट, कर आणि जेवणानं रिकामा होतो. म्हणून पैसे भरण्याआधी हे पत्रक घरच्यांसोबत बसून वाचा.

आधी कराचा हिशेब

दरापुढे ‘++’ अशी खूण असेल तर थांबा. तिचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे. १०० डॉलरच्या खोलीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज धरला की ११० झाले. त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पासूनचा दर), म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. जेवणाच्या बिलालाही हाच नियम. शिवाय ग्रीन टॅक्स: रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर, गावातल्या छोट्या गेस्टहाउसला ६. जोडप्याच्या चार रात्रींचे रिसॉर्टला ९६ आणि गेस्टहाउसला ४८ डॉलर होतात. दोन जाहिराती ताडून बघताना दोन्हीकडचा सगळे कर धरून आलेला आकडाच मागा.

बोट की सीप्लेन?

राजधानी मालेचा विमानतळच एका बेटावर आहे. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) लागतं आणि त्याचं जाऊन-येऊन भाडं माणशी कित्येकशे डॉलर होतं. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. संध्याकाळी उतरलात तर रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागते, तो खर्च वेगळा. त्यामुळे जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या मंडळींनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी आणि सकाळचं विमान धरावं, असा आमचा आग्रह असतो.

आमचा सल्ला

सगळे दिवस रिसॉर्टवर काढू नका. माफुशी, उकुलहास, धिगुरा या बेटांवर लोकवस्ती आहे, गेस्टहाउसं आहेत आणि समुद्र तोच निळा आहे. माफुशीला मालेहून स्पीडबोटीनं पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. सरकारी फेरी त्याहून खूप स्वस्त, पण दीड तास घेते आणि शुक्रवारी सहसा बंद असते. रिसॉर्टची हौस असेल तर एक दिवसाचा डे पास घ्या. पोहणं, जेवण, फोटो सगळं होतं. गावच्या बेटावर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरवून दिलेल्या बीचवरच वावरता येतं, हे आधीच माहीत असू द्या. रमजानमध्ये दिवसा खाण्याची बरीच हॉटेलं बंद असतात.

डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि दर चढे. मेपासून पाऊस, पण दर उतरतात. आखाजीनंतर निघणाऱ्यांना हा फायदा आपोआप मिळतो. सरी येऊन जातात, त्यामुळे एखादा दिवस हाताशी जास्त ठेवा.

शाकाहारी मंडळींनी दशम्या, बिबडे, शेंगदाण्याची चटणी जरूर न्यावी. दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत. नव्या नवरीच्या बॅगेत घरच्यांनी देवाची मूर्ती ठेवली असेल तर ती काढून घरीच ठेवा.

भारतीयांना तिथे पोहोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो. विमानाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवर काहीही भरू नका. आमच्या ऑफिसात या, आम्ही भरून देऊ.

परदेशी पॅकेजवर आम्हाला टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ कापायचा आयकर, घ्यावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. बुकिंगला येताना पासपोर्टबरोबर पॅन कार्डही आणा.