दाखल्यावरचा शेरा : अमेरिकी सैनिकांच्या सेवामुक्तीचा दर्जा आणि तो बदलून घेण्याची लढाई

फेब्रुवारी १९७३. मिनियापोलिसमधल्या एका चर्चमध्ये डॉर्सी विलिस या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या हातात अमेरिकी लष्कराने एक कागद ठेवला. त्या दिवशी त्यांना ८७ वर्षं पूर्ण होत होती. सैनिक म्हणून त्यांची सेवा सन्मानाने संपली, असं त्या कागदावर लिहिलं होतं. सेवा संपली होती १९०६ मध्ये. मधली सगळी वर्षं 'सन्मानाविना' हा शेरा त्यांनी वागवला, आणि त्यातली कित्येक दशकं न्हाव्याच्या दुकानात बसून लोकांच्या बुटांना पॉलिश केलं.

विलिस २५व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये होते. ऑगस्ट १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात एका रात्री गोळीबार झाला, त्यात एक जण मेला, आणि गावाने शेजारच्या छावणीतल्या कृष्णवर्णीय शिपायांकडे बोट दाखवलं. शिपाई बराकीतच होते, असं त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. खटला चालला नाही, आरोप सिद्ध झाला नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना एकदम काढून टाकलं. त्यातल्या मोजक्यांना पुढे परत भरती होता आलं. १९७२ मध्ये लष्कराने चूक दुरुस्त केली तेव्हा उरलेल्यांपैकी विलिस एकटेच हयात होते. सरकारने त्यांना २५ हजार डॉलर दिले. बाकीच्यांचे दाखले त्यांच्या मरणानंतर सुधारले.

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. तिथे 'चांगली' सोडून दुसरं काही लिहिलं तर पोराचं काय होईल, हे कुठल्याही आईबापाला सांगावं लागत नाही. अमेरिकी सैनिकाच्या दाखल्याचंही तसंच आहे. फरक इतकाच, की तिथे नोकरीबरोबर दवाखाना, शिक्षणाचा खर्च आणि घराचं कर्ज हे सगळं त्या एका शेऱ्याला बांधलेलं आहे.

ही बांधणी पक्की झाली दुसऱ्या महायुद्धात. त्याआधीपासून लष्कराकडे निळ्या कागदावर छापलेला एक दाखला होता, ना सन्मानाचा ना बेअब्रूचा. कोर्टमार्शल न करता नकोसा माणूस बाहेर काढायला तो सोयीचा होता. समलिंगी असल्याचा संशय आला, निळा कागद. वरिष्ठाशी पटलं नाही, निळा कागद. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने असे ४८,६०३ कागद दिले, त्यातले १०,८०६ कृष्णवर्णीयांना. म्हणजे २२ टक्के, आणि लष्करात त्यांचं प्रमाण होतं साधारण साडेसहा टक्के. या आकड्यांपुढे वेगळा पुरावा मागायची गरज मला वाटत नाही. नोकरी देणारा दाखला बघायला मागायचा, आणि कागदाचा रंग दिसताच बोलणं संपायचं. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने १९४५ मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली, जानेवारी १९४६ मध्ये संसदेच्या समितीने टीकेचा अहवाल दिला, आणि १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी 'साधारण' आणि 'अनिष्ट' असे दोन नवे शेरे आले.

मधल्या काळात, जून १९४४ मध्ये, माजी सैनिकांना सवलती देणारा 'जी. आय. बिल' हा प्रसिद्ध कायदा झाला. ज्याची सेवामुक्ती बेअब्रूची नाही त्याला सवलती, असं त्यात ठरलं. शेरा तपासून बघणारी मंडळंही याच कायद्याने नेमली. अर्जाची मुदत सेवामुक्तीपासून १५ वर्षं. पण कोर्टमार्शलने दिलेल्या मोठ्या शिक्षांना हात लावायचा अधिकार या मंडळांना नव्हता. तोवर असा अन्याय दूर करायचा तर खासदाराला गाठून एकेका सैनिकासाठी वेगळं विधेयक मांडावं लागे. १९४६ मध्ये संसदेने तो रस्ता बंद केला आणि नोंदी दुरुस्त करणारी वेगळी मंडळं काढायला लावली. आजचा सगळा डोलारा या दोन कायद्यांवर उभा आहे.

(त्याच १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' तळावरून नाविकांचा उठाव पेटला आणि शेकडो नाविकांची नोकरी गेली. स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. खूप पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शन योजनेत या उठावाला जागा मिळाली. शेरा लवकर बसतो आणि उशिरा पुसला जातो, हे मुंबईनेही पाहिलं आहे.)

१९५० पासून सेवामुक्तीचा दाखला म्हणून सैनिकाच्या हाती पडतो तो 'डीडी २१४' नावाचा नमुना. आजच्या नमुन्यात खाना २४ मध्ये सेवेचा दर्जा आणि खाना २८ मध्ये काढण्याचं कारण असतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात यावर कारणांचे सांकेतिक आकडेही छापत. सैनिकाला त्यांचा अर्थ ठाऊक नसायचा, पण नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या याद्या मिळवलेल्या असायच्या. १९७४ मध्ये हे आकडे छापणं थांबलं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हिएतनामच्या सैनिकांचे शेरे सुधारायची खास योजना आणली. त्याच वर्षी संसदेने कायदा करून, असे सुधारलेले दाखले पुन्हा तपासल्याशिवाय सवलती मिळायच्या नाहीत, असं ठरवलं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पुराव्याची. लष्कराने केलं ते नियमाप्रमाणेच केलं, असं मंडळ धरून चालतं. चूक दाखवायची ती सैनिकाने. आणि कागद कुठे? जुलै १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. आग सरकारी इमारतीला लागली, तरी त्या फायलींचा भार अर्जदारावरच पडला.

त्यातून मनाची जखम तर कुठल्याच फायलीत नव्हती. युद्धाच्या आघाताने होणाऱ्या मानसिक विकाराला, पीटीएसडीला, मानसोपचाराच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० मध्ये. त्याआधी जो सैनिक झोपेतून किंचाळत उठायचा, दारू प्यायचा, छावणी सोडून पळायचा, त्याच्या कागदावर फक्त 'गैरवर्तन' लिहिलं गेलं. कोर्टमार्शल टळतं म्हणून वीस-बावीस वर्षांच्या पोराने मुकाट्याने सही केली, की 'अनिष्ट' हा शेरा जन्माला चिकटला.

व्हिएतनामच्या अशा सैनिकांनी येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने दावा लावला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना आदेश काढला : अशा अर्जांकडे उदार दृष्टीने पाहा. हेगल स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले. ऑगस्ट २०१७ च्या आदेशाने हे आणखी स्पष्ट केलं. विकार किंवा लैंगिक अत्याचार घडला होता का, तो सेवेत असताना का, त्याने गैरवर्तनाचा उलगडा होतो का, आणि शेऱ्यापेक्षा त्याचं पारडं जड आहे का, हे चार प्रश्न मंडळाने विचारायचे. सैनिकाचं स्वतःचं निवेदनही पुरावा धरायचं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य हेच, कारण सत्तर वर्षं याच निवेदनाला किंमत नव्हती.

समलिंगी सैनिकांची वाट आणखी लांब. 'विचारू नका, सांगू नका' (समलिंगी असल्याचं उघड झालं की नोकरीतून बाहेर) हे धोरण २०११ मध्ये संपेपर्यंत त्याखाली १३ हजारांहून अधिक जण काढले गेले. बहुतेकांना 'सन्मानपूर्वक' सोडलं होतं. ज्यांना तसं सोडलं नव्हतं, त्यांच्या फायली २०२४ मध्ये संरक्षण खात्याने अर्जाची वाट न बघता स्वतः उघडल्या आणि ८०० हून अधिक शेरे सुधारले. पण शेरा सन्मानाचा आणि खाना २८ मध्ये मात्र समलिंगी वर्तन, असा कागद ज्यांच्याकडे होता, त्यांना तो दाखवला की आपलं खासगी आयुष्य समोरच्यापुढे उघडं करावं लागे. त्यांनी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने समझोता मंजूर केला. आता तो खाना बदलून नवा दाखला घ्यायला त्यांना सोपा मार्ग आहे.