सिझेरियननंतरची योनिमार्गे प्रसूती

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीची पुढील प्रसूती नैसर्गिक मार्गाने होणे. त्यासाठी देखरेखीखाली कळांची वाट पाहतात. प्रगती थांबल्यास पुन्हा सिझेरियन करतात.

‘एकदा सिझेरियन, की कायम सिझेरियन’ हे वचन न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांच्या १९१६ मधील निबंधातले. पुढे ते मनाईहुकमासारखे वापरले गेले. मुळात तो पहिलेच सिझेरियन जपून करण्याचा इशारा असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण नियमाला अनेक अपवाद असल्याचे सांगून क्रेगिन यांनी सिझेरियननंतर नैसर्गिक मार्गाने तीन मुले झालेल्या आपल्याच एका रुग्णेचा दाखला दिला आहे. शिवाय त्या काळी छेद बहुधा गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागात उभा घेत. खालच्या भागातील आडव्या छेदाचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. जर्मनीत फर्डिनांड केरर यांनी १८८१ मध्ये तो घेतला होता. रूढ मात्र तो ग्लासगोचे मन्रो कर यांच्या १९२० च्या दशकातील पाठपुराव्याने झाला.

आडव्या छेदानंतर गर्भाशय फाटण्याचे प्रमाण सुमारे २०० प्रसूतींत १ असते. उभ्या छेदानंतर ते कित्येक पटींनी वाढते, म्हणून तेथे कळांची वाट पाहत नाहीत. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद तसाच असेल असे नाही. त्यासाठी जुन्या शस्त्रक्रियेची नोंदच पाहावी लागते. सोनोग्राफीत गर्भाशयावरील व्रणाची जाडी मोजतात, पण तिची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. कळा आणण्याच्या औषधांपैकी मिसोप्रोस्टॉल वर्ज्य, ऑक्सिटोसिन बेताने.

फाटण्याचे पहिले लक्षण बहुधा बाळाच्या ठोक्यांतील बिघाड हे असते. दोन कळांच्या मधेही व्रण दुखत राहणे, रक्तस्राव, कळा एकाएकी थांबणे, खाली आलेले डोके वर सरकणे ही इतर लक्षणे. त्यामुळे ठोक्यांची सलग नोंद, रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ आणि सज्ज शस्त्रक्रियागृह नसलेल्या ठिकाणी हा मार्ग धरू नये.

साधारण चारपैकी तिघींना यश येते. आधी एकदा योनिमार्गे प्रसूती झालेली असल्यास प्रमाण ८५ ते ९० टक्के. उलट, प्रत्येक सिझेरियनगणिक वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुजण्याचा धोका वाढतो. वार गर्भाशयमुखावर आलेली असल्यास तो दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी सुमारे ११, तर तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असतो. आणखी मुले हवी असणाऱ्या स्त्रीच्या निर्णयात याचे वजन मोठे. दोनांवर थांबणारीच्या दृष्टीने ते कमी.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) खाजगी रुग्णालयांतील ४७.४ व सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या.