लॅपटॉपवर चालतं, क्लस्टरवर का नाही? जारच्या भांडणाची पार्श्वभूमी

परवा रात्री जुळे सोलापुरातनं एका ज्युनिअरचा फोन आला, "दादा, सकाळी हुतात्माने पुण्याला जायचंय अन् जॉब लॅपटॉपवर मस्त चालतोय, क्लस्टरवर सबमिट केला की मरतोय." क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनचा गट, आणि जार म्हणजे जावाचे क्लास बांधलेली फाइल. स्क्रीनशॉट बघितला तर नोसचमेथडएरर, म्हणजे मागितलेली मेथड सापडत नाही, आणि तीही गुआवा या गुगलच्या जावा लायब्ररीतल्या प्रिकंडिशन्स क्लासच्या चेकआर्ग्युमेंट मेथडवर. पोरगं तीन तास स्वतःचाच कोड चाळत बसलेलं, आणि चूक तिथं नव्हतीच.

जावात क्लास लागेल तसा, लागेल तेव्हा शोधला जातो. १९९८ च्या शेवटी जावा १.२ आलं तेव्हा नियम ठरला की क्लासलोडरने (क्लास शोधून आणणाऱ्या भागाने) आधी पॅरेंटला, म्हणजे आपल्या वरच्या लोडरला, विचारायचं, त्याच्याकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. कारण रास्त होतं, बाहेरनं आलेल्या कोडने जावाचे मूळ क्लास बदलून टाकू नयेत. पण मग २००६ ला हडूप आलं, २००९ ला बर्कलीत स्पार्क सुरू झालं (दोन्ही क्लस्टरवर मोठा डेटा हाताळणारी साधनं), आणि आपला कोड दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहायला गेला, म्हणजे क्लस्टरच्या स्वतःच्या शेकडो जार आधीच पॅरेंटकडे बसलेल्या आणि आपली जार खाली. हडूप २ मध्ये गुआवा ११, स्पार्क ३ मध्येसुद्धा बरीच वर्षं गुआवा १४.

आता खरी गोम बघा. चेकआर्ग्युमेंटला मेसेज आणि एकच व्हॅल्यू घेणारा वेगळा प्रकार गुआवा २० मध्ये आला, त्याआधी तेच काम व्हॅरआर्ग्जवाल्या, म्हणजे कितीही व्हॅल्यू घेणाऱ्या, मेथडने व्हायचं. सोर्समधली ओळ दोन्हीकडे सेम टू सेम दिसते! पण नव्या गुआवावर कंपाइल केलं की कंपायलर नवा प्रकार निवडून तीच सिग्नेचर (मेथडचं नाव आणि तिच्या व्हॅल्यूंचे प्रकार) कंपाइल झालेल्या बाइटकोडमध्ये लिहून ठेवतो, आणि क्लस्टरवर जुनं गुआवा आधी सापडतं. क्लास मिळतो, मेथड मिळत नाही. म्हणून क्लासनॉटफाउंड आला तर जार पोचली का ते बघायचं, नोसचमेथड आला तर कुठली जार जिंकली ते.

यावर स्पार्कने आपली जार आधी बघायला लावणारं युजरक्लासपाथफर्स्ट नावाचं सेटिंग दिलं, पण ते एक्सपेरिमेंटल, आणि एकच क्लास दोन लोडरकडनं आला की क्लासकास्टचं (तोच क्लास दोन वेगळे समजले जाण्याचं) नवंच दुखणं सुरू होतं, मी तरी ते टाळतो. टिकाऊ उपाय म्हणजे शेडिंग, पॅकेजचं नावच बदलून आपली कॉपी जारमध्ये घालायची. डिसेंबर २०१७ च्या हडूप ३ ने तर क्लायंटच्या जारच शेड करून दिल्या. फक्त फॅट जार (सगळ्या लायब्रऱ्या आत असलेली) बांधताना मेटा-इन्फ फोल्डरमधल्या सर्व्हिसेसच्या फायली (कुठलं काम कुठला क्लास करतो याच्या याद्या) एकमेकांवर ओव्हरराइट होऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर "नो फाइलसिस्टीम फॉर स्कीम" येतो आणि माणूस एचडीएफएसला, म्हणजे हडूपच्या फाइलसिस्टीमला, दोष देत बसतो.

ज्युनिअरला आधी प्रिकंडिशन्सचा क्लास कुठल्या जारमधनं आला ते कोडसोर्सवरनं प्रिंट करायला लावलं. गुआवा १४, स्पार्कच्या फोल्डरमधनं. मग मेव्हन या बिल्ड टूलच्या शेड प्लगइनमध्ये गुआवा रिलोकेट केलं, म्हणजे त्याच्या पॅकेजचं नाव बदललं, स्पार्कला प्रोव्हायडेड लावलं (ते क्लस्टरवर आहेच, जारमध्ये घालायचं नाही), जार परत बांधली. हुतात्मा सुटायच्या आधी त्याचा मेसेज आला, जॉब झाला.