मतदानाचा टक्का नेमका कशाने हलतो?

राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा टक्का घसरला की लगेच सुरू होतं, लोक आळशी झालेत, तरुणांना काही पडलेलीच नाही वगैरे. टक्का वाढला की तेच लोक एकदम जागरूक होतात. मला हे मुळातच पटत नाही, कारण कोट्यवधी माणसांचा स्वभाव चार-पाच वर्षांत बदलत नसतो, टक्का मात्र तेवढ्यात बदलतो आणि कधी कधी तर वर्षाच्या आतच.

चिलीचंच बघा. डिसेंबर 2021 मधे राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीला साधारण 55 टक्के लोक आले, आणि सप्टेंबर 2022 मधे नव्या राज्यघटनेवर कौल घेतला तेव्हा 86 टक्क्यांच्या आसपास. मधे जेमतेम नऊ महिने, माणसं तीच, फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मत देणं सक्तीचं होतं. नेदरलँड्समधे हेच उलट्या दिशेने झालं, 1967 ला सक्ती असताना 95 टक्क्यांच्या जवळ मतदान, 1970 ला सक्ती उठवली आणि 1971 ला ते 79 वर आलं. ऑस्ट्रेलियात 1922 ला साठच्याही खाली होतं, 1924 ला सक्तीचा कायदा आला, 1925 ला 91 च्या वर. आणि तिथे राष्ट्रीय निवडणुकीत मत न देण्याचा दंड आजही फक्त 20 ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, त्यामुळे लोक पैशाच्या भीतीनेच जातात असं म्हणणं अवघड आहे. हे काम सगळ्यांनी करायचंय असं कायदा स्पष्ट सांगतो, त्याचाच परिणाम जास्त असावा असं माझं मत.

पण सक्ती मोजक्याच देशांत आहे. बाकी ठिकाणी काय होतं? इथे एक जुना प्रश्न आहे जो अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1957 मधे मांडला. लाखो मतांत माझ्या एका मतानेच निकाल फिरेल ही शक्यता जवळजवळ शून्य, आणि जाण्यायेण्याचा, रांगेत उभं राहण्याचा वेळ तर नक्की जाणार, मग निव्वळ हिशोब केला तर कुणीच जायला नको. तरी कोट्यवधी लोक जातात! 1968 मधे रायकर आणि ऑर्डशूक या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या हिशोबात अजून एक गोष्ट धरली, ती म्हणजे मत दिल्याचं समाधान, आपलं कर्तव्य केल्याची भावना. ज्यांच्यात ही भावना पक्की आहे ते प्रत्येक वेळी जातात, ज्यांच्यात अजिबात नाही ते कधीच जात नाहीत, आणि टक्का हलतो तो मधल्या लोकांमुळे, जे कधी जातात कधी नाही. म्हणजे खरा प्रश्न हा की मधल्या लोकांना घराबाहेर काय काढतं.

एक म्हणजे निकालाने खरंच काही बदलणार आहे का. ब्रिटनमधे 1992 ला 77 टक्क्यांच्या वर मतदान होतं, 2001 ला 59, तेव्हा कोण जिंकणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. त्याच ब्रिटनमधल्या स्कॉटलंडमधे 2010 च्या सार्वत्रिक निवडणुकीत 64 टक्क्यांच्या आसपास लोक आले होते, आणि 2014 ला स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मत मागितलं तेव्हा 84.6 टक्के आले. स्वित्झर्लंड श्रीमंत आहे, शिकलेला आहे, तरी तिथे संसदेच्या निवडणुकीत निम्मे लोकही येत नाहीत, कारण सरकारात वर्षानुवर्षं तेच मोठे पक्ष एकत्र बसतात आणि मोठे निर्णय वर्षातून अनेकदा होणाऱ्या सार्वमतांत होतात, म्हणजे त्या-त्या प्रश्नावर थेट लोकांचं मत घेऊन, त्यामुळे या एका निवडणुकीवर फार काही अवलंबून राहत नाही.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, म्हणजे कुणी आपल्याला विचारतंय का, बघतंय का. 2006 मधे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या अभ्यासकांनी सुमारे 1 लाख 80 हजार घरांवर प्रयोग केला. काही घरांना वेगवेगळी पत्रं पाठवली, बाकीच्यांना काहीच नाही. तिथे कुणाला मत दिलं हे गुप्तच असतं, पण मत दिलं की नाही ही नोंद सार्वजनिक असते. ज्यांना पत्र नव्हतं त्यांच्यात मतदान 29.7 टक्के, कर्तव्याची आठवण करून देणारं साधं पत्र गेलं तिथे 31.5, आणि ज्या पत्रात तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही याची यादी होती आणि या निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू असं लिहिलं होतं, तिथे 37.8. एका कागदाने आठ पॉइंट! असं लोकांना लाजवणं मला बरोबर वाटत नाही, शिवाय ती पक्षांतर्गत उमेदवार निवडायची प्रायमरी होती जिथे मुळात कमी लोक येतात, त्यामुळे मोठ्या निवडणुकीत एवढा फरक पडेलच असं नाही. पण दिशा कळते. 2010 मधे फेसबुकवर सुमारे 6 कोटी लोकांवर प्रयोग झाला, त्यातही मत द्यायची आठवण करणाऱ्या मेसेजसोबत मत दिलेल्या मित्रांचे फोटो दिसले तर थोडा फरक पडला, फोटोंशिवाय तोच मेसेज दाखवला तर जवळपास काहीच नाही.

टक्का वाचताना अजून एक बघायला हवं, भागाकार कशाने केलाय. मतदार यादीत वारलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं राहिली तर कुणीही न बदलता टक्का खाली दिसतो. अमेरिकेत 1972 नंतर मतदान सतत घसरतंय असं बरीच वर्षं मानलं जायचं, मग 2001 मधे मॅकडॉनल्ड आणि पॉपकिन या अभ्यासकांनी दाखवलं की भागायला सगळे प्रौढ घेतले जातात, ज्यात मताचा हक्क नसलेले परदेशी नागरिक आणि कैदीही येतात आणि त्यांची संख्या वाढत गेलीये. फक्त हक्क असलेले लोक मोजले तर 1972 नंतरची ती घसरण उरतच नाही.

खरी, टिकून राहणारी घसरण येते ती बहुतेक पिढीतून. मत देणं ही सवय आहे, पहिल्या दोन-तीन निवडणुकांत लागली तर लागली. मार्क फ्रँकलिन या अभ्यासकाचं म्हणणं असं की अनेक देशांनी मतदानाचं वय 21 वरून 18 केलं तेव्हा पहिली निवडणूक नेमकी अशा वयात यायला लागली जेव्हा मुलं शिक्षणासाठी, कामासाठी घर सोडतात, नव्या जागी नाव नोंदवलेलं नसतं, ओळखीचं कुणी सोबत नसतं, पहिलं मत हुकतं आणि मग पुढचंही. यावर वय आणखी कमी केलं तर टक्का अजून पडेल असं कुणालाही वाटेल, पण ऑस्ट्रियाने 2007 मधे ते 16 केलं आणि तिथल्या मतदार याद्या तपासल्या तेव्हा 16-17 वर्षांच्या मुलांचं मतदान 18 ते 20 वाल्यांपेक्षा जास्त निघालं. ती मुलं अजून घरीच राहत होती, शाळेत जात होती, आणि मतदानाला बहुतेकदा घरातल्या कुणाबरोबर तरी जाता येत होतं.