बाइटक्रम (एम्बेडेड बिल्ड टूलमधील)

एकापेक्षा जास्त बाइटांची संख्या मेमरीत किंवा फाइलीत कोणत्या टोकाकडून मांडायची याचा संकेत. मोठ्या स्थानाचा बाइट आधी आल्यास बिग-एंडियन, एककाकडचा आधी आल्यास लिटल-एंडियन. ही नावे डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात वापरली. नावांमागचा मूळ तंटा अंडे कोणत्या टोकाने फोडावे हा, जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या कादंबरीतला.

नावापेक्षा प्रथा जुनी. आयबीएमचे सिस्टिम/३६० संगणक (१९६४) बिग-एंडियन होते. उलट क्रमाबाबत पीडीपी-११ या लघुसंगणकाचे (१९७०) नाव घेतले जाते. पण त्यात ३२-बिट संख्या (षोडशमान) १२३४५६७८ ही ३४ १२ ७८ ५६ अशी मिश्र पडे. इंटेल परंपरेपुरता डेटापॉइंट २२०० या टर्मिनल-संगणकाचा खुलासा अधिक पटतो: ते यंत्र बिटामागून बिट बेरीज करी, हातचा पुढे न्यायला एककाकडची बाजू आधी लागे. त्याच्यासाठी आखलेल्या इंटेलच्या ८००८ प्रोसेसरमध्ये (१९७२) हाच क्रम उतरला.

कोणते टोक आधी हा भेद मराठीला परका नाही; तो लेखन आणि उच्चार यांत दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्र. १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात वर्ष ४२ आहे: आधी ४० चे चिन्ह, मग २ चे. आपण मात्र 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी उच्चारतो.

फर्मवेअरची (उपकरणात भरायच्या सॉफ्टवेअरची) इमेज-फाइल बांधणारे टूल होस्टवर, म्हणजे बिल्ड करणाऱ्या संगणकावर, चालते; ती फाइल वाचते टार्गेट, म्हणजे उपकरणातला बोर्ड. स्ट्रक्चर (मेमरीतला माहितीचा गट) जसेच्या तसे फाइलीत ओतले की होस्टचा क्रम आणि पॅडिंगही (कंपायलरने मध्ये सोडलेले रिकामे बाइट) आत जाते. बहुतेक होस्ट आणि बोर्ड आज लिटल-एंडियन असल्याने चूक लपते. आयबीएम झेडसारख्या बिग-एंडियन होस्टवर बिल्ड केले की उघडी पडते. यू-बूट या बूटलोडरच्या (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जुन्या पद्धतीच्या इमेजचे ६४ बाइटांचे हेडर बोर्ड कोणताही असो बिग-एंडियनच; त्याची खूणसंख्या (फाइलीचा प्रकार ओळखण्याची ठरावीक संख्या, षोडशमान) २७०५१९५६ फाइलीत २७ ०५ १९ ५६ अशीच दिसली पाहिजे. त्यासाठी होस्टचा क्रम विचारूच नये: संख्या २४, १६, ८, ० बिट उजवीकडे सरकवून प्रत्येक वेळी खालचे आठ बिट लिहावेत, वाचताना उलट. htobe32 सारखी तयार रूपांतर-फंक्शनेही चालतात, पण त्यांची endian.h ही हेडर-फाइल पॉझिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या प्रमाणकात २०२४ लाच आली.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वीजमीटर जोडणाऱ्यांना हाच प्रश्न मॉडबस या औद्योगिक उपकरणांच्या संवाद-प्रोटोकॉलमध्ये भेटतो. १६-बिट रजिस्टरात (मूल्य ठेवण्याच्या कप्प्यात) मोठ्या स्थानाचा बाइट आधी हे ठरलेले. ३२-बिट मूल्याच्या दोन रजिस्टरांचा आपसातला क्रम प्रमाणकात नाही. तो मीटरच्या मॅन्युअलमध्ये पाहून टूलच्या कोष्टकात लिहावा लागतो.