आठी आणि खळगा: चेहऱ्यावरच्या इंजेक्शनांची दोन घराणी

माझ्या मावशीचे डोळे आपोआप गच्च मिटायचे. भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना मध्येच पापण्या आवळल्या जायच्या आणि ती जिथल्या तिथे उभी राहायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्यांभोवती बारीक सुईने इंजेक्शनं दिली आणि आठवड्याभरात तिला पुन्हा नीट बघता येऊ लागलं. औषधाचा असर तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागतात. सोसायटीत मात्र कुजबुज सुरू झाली, "या वयात बोटॉक्स भरून घेतलं म्हणे!" टोमण्यापेक्षा मला त्यातला 'भरून' हा शब्द जास्त खटकला. बोटॉक्स चेहऱ्यात काही भरत नाही, ते स्नायूला सैल सोडतं. भरण्याचं काम फिलरचं, म्हणजे त्वचेखालचे खळगे भरून काढणाऱ्या इंजेक्शनचं. दोन्ही सुईने टोचतात म्हणून आपण त्यांना एका माळेत ओवतो, पण त्यांची घराणी वेगळी आहेत आणि इतिहास तर जवळजवळ उलटे.

बोटॉक्सचं मूळ सॉसेजमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत होती. पापण्या गळायच्या, घसा कोरडा पडायचा, गिळता येईनासं व्हायचं आणि शेवटी श्वास थांबायचा. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने, जो कवीही होता, 1820 आणि 1822 मध्ये या विषबाधेची तपशीलवार वर्णनं प्रसिद्ध केली. त्याने या विषाचा प्रयोग स्वतःवरही केला. अतिरेकी वागणाऱ्या नसा शांत करायला हेच विष अगदी अल्प प्रमाणात वापरता येईल, असंही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. विषाचं पुढे रूढ झालेलं नाव 'बोटुलिनम टॉक्सिन' हे सॉसेजसाठीच्या 'बोटुलस' या लॅटिन शब्दावरून आलं, आणि 'बोटॉक्स' हे त्यावरूनच. डिसेंबर 1895 मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांना खारवलेल्या कच्च्या हॅममधून विषबाधा झाली आणि तिघे दगावले. त्याच हॅममधून जिवाणुतज्ज्ञ एमिल व्हान एर्मेंगम यांनी हे विष तयार करणारा जिवाणू वेगळा काढला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कॅम्प डेट्रिक या लष्करी तळावर या विषावर जैविक अस्त्र म्हणून काम केलं. तिथल्या एडवर्ड शॅन्ट्झ यांनी युद्धानंतर शुद्ध विष संशोधकांना पुरवलं. 1950 च्या दशकात त्याची करामत उलगडली: मेंदूचा हुकूम नसेपर्यंत पोहोचतो, पण नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप देणारं रसायन सुटतच नाही, आणि स्नायू आकसायचा थांबतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. त्यांनी आधी माकडांवर प्रयोग केले, ते 1973 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर काही वर्षांनी माणसांवर चाचण्या सुरू केल्या. शॅन्ट्झ यांनी नोव्हेंबर 1979 मध्ये बनवलेली जेमतेम 150 मिलिग्रॅमची एक बॅच 1997 पर्यंत पुरली, कारण एका कुपीत विष असतं ते फक्त काही नॅनोग्रॅम. कुपी उजेडात धरली तर ती रिकामीच वाटते, तळाशी पांढुरका थर असला तर असतो. डॉक्टर त्यात सलाइन घालून ती अलगद फिरवतात आणि मग युनिट मोजून सिरिंजमध्ये घेतात. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी या औषधाला मान्यता दिली. माझ्या मावशीचा आजार ही आकडीच.

सौंदर्याचा विषय निघाला तो व्हँकूव्हरमध्ये, 1987 मध्ये. नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांच्या आकडीची एक रुग्ण येत असे. एकदा त्यांनी तिच्या कपाळाला इंजेक्शन दिलं नाही, तर ती रागावली. तिथे टोचलं की माझा चेहरा शांत, निवांत दिसतो, असं तिचं म्हणणं. जीन यांनी ही गोष्ट घरी नवऱ्याला सांगितली. अलास्टेर कॅरुथर्स त्वचारोगतज्ज्ञ होते आणि भुवयांमधल्या आठ्यांवर त्यांना टिकाऊ उपाय सापडत नव्हता. दोघांनी 1992 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आठ्यांसाठी एफडीएची मान्यता आली एप्रिल 2002 मध्ये. नेहमीचा डोस 20 युनिट. केर्नरच्या पहिल्या पुस्तकापासून मोजलं तर 182 वर्षं. हे विष चेहऱ्याच्या हौसेसाठी अधिकृतपणे वापरलं गेलं, तोवर डॉक्टरांना त्याची मात्रा पाठ झाली होती.

फिलरचं नेमकं उलट झालं. तिथे आधी टोचलं आणि मग शिकलं. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी क्षयामुळे वृषण काढावं लागलेल्या एका तरुणाला त्या जागी व्हॅसलीन टोचलं. ते जमलं म्हणून लगेच पॅराफिन, म्हणजे मेण, चेहऱ्यांत भरायला सुरुवात झाली. पुढे ड्यूक ऑफ मार्लबरोची पत्नी झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाकाची रेषा सरळ व्हावी म्हणून मेण टोचून घेतलं, ते हनुवटीकडे सरकलं आणि तिचा देखणा चेहरा कायमचा बिघडला. अनेकांच्या चेहऱ्यात गाठी झाल्या. नाकात पॅराफिन टोचल्यावर दृष्टी गेल्याची नोंद 1903 मधली आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर तीच चूक द्रवरूप सिलिकोनच्या बाबतीत नव्याने झाली. मला याचा राग येतो, कारण इशारा छापून तयार होता.

1981 मध्ये गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलाजेन या प्रथिनाला फिलर म्हणून मान्यता मिळाली. त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते म्हणून आधी हातावर टोचून काही आठवडे वाट पाहावी लागे. त्याला मागे टाकलं हायलुरोनिक अ‍ॅसिडने. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये ते गाईगुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळं केलं होतं. आपल्या त्वचेतही ते असतं आणि पाणी धरून ठेवतं, पण शरीर ते भराभर मोडतं. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफून दाट जेल करतात, म्हणजे ते महिनोन्‌महिने टिकतं. अशा जेलपैकी रेस्टिलेन युरोपात 1996 मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर 2003 मध्ये आलं. त्याचा खरा मोठेपणा मला टिकण्यापेक्षा विरघळण्यात दिसतो. हायलुरोनिडेज हे एन्झाइम टोचलं की जेल मोडतं. पॅराफिनच्या बाबतीत ही वाट कधीच नव्हती.

1903 चा धोका मात्र आजही तसाच आहे. भुवयांमधल्या आणि नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल चुकून वाहिनीत शिरलं आणि दाबाने मागे गेलं, तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि गेलेली नजर क्वचितच परत येते. म्हणून टोचणाऱ्याला शरीररचना पाठ हवी, आणि एन्झाइम कपाटात नव्हे, हाताशी हवं. विषाच्या घराण्यातही मोजमाप सुटलं की काय होतं ते 2004 च्या अखेरीस फ्लोरिडात दिसलं. माणसांसाठी नसलेलं, प्रयोगशाळेतलं विष टोचल्याने चार जण लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले.

आपल्याकडे 'आज ऑफर आहे' म्हणत पार्लरमध्ये सुई टोचू पाहणाऱ्यांकडे कुपी किंवा सिरिंजचं खोकं मागून बघा. त्यावर नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. मावशीच्या फायलीत दर भेटीच्या तारखेपुढे बॅच नंबर आणि युनिट लिहिलेले आहेत, डाव्या आणि उजव्या पापणीचे वेगवेगळे.